घडीचा जर्मन कॅमेरा आणि त्याच्या कांचा

जुन्या घराच्या माळ्यावरून खालीं काढलेली ती वस्तु प्रथमदर्शनीं कॅमेरा वाटतच नाहीं. काळ्या चामड्यानें मढविलेली, वीतभर लांब आणि तीनचार बोटें जाड अशी ती पेटी बासनांत बांधलेल्या पोथीसारखी दिसते. तिच्या वरच्या अंगास एक बारीक गुंडी असते. ती दाबली म्हणजे पुढची फळी दार उघडावें तशी खालीं येते, दोन बाजूंचे टेकू खटकन् आपापल्या जागीं बसतात, आणि चिमटीनें धरून ओढतांच आंतून भिंग व शटर रुळांवरून पुढें सरकतात. त्यांच्या मागोमाग, लोहाराच्या भात्याचें नाजुक धाकटें भावंड शोभेल असा, बारीक घड्यांचा चामडी भाता उलगडत येतो. पाठीमागें दुधी कांच. तीवर समोरचें सारें जग उलटें उमटतें: जमीन वर, आकाश खालीं, आणि डावीकडचा माणूस उजवीकडे. जर्मनींत विसाव्या शतकाच्या पहिल्या तीसचाळीस वर्षांत मोठ्या संख्येनें तयार झालेला घडीचा प्लेट-कॅमेरा तो हाच.

घोड नदीच्या कांठचें शिरूर आणि भीमेच्या कांठचें दौंड हीं पुणें जिल्ह्यांतील तालुक्यांचीं गांवें. जुन्या कॅमेऱ्यांच्या मागें लागलेला माणूस मुंबईस चोरबाजार धुंडाळतो, पुण्यास आला तर बुधवारीं व रविवारीं भरणाऱ्या जुन्या बाजारांत फेरी मारतो. या दोन गांवांचें नांव त्याच्या वहींत बहुधा नसतें. परंतु नकाशा उघडून पाहिला तर हीं गांवें आडबाजूचीं मुळींच नव्हेत. शिरूर हें पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, जाणाऱ्या सडकेवर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें इंग्रजी फौजेची छावणी होती. दौंड हें मुंबईहून चेन्नईकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचें जंक्शन. तेथून मनमाडला जाणारा फांटा १८७८ सालीं सुरू झाला. दौंडच्या अलीकडे केडगांव, जेथें पंडिता रमाबाईंनीं मुक्ति मिशन वसविलें. सडक आणि आगगाडी असली कीं माणसें येतात, चार वर्षें राहतात, बदली होऊन निघून जातात, आणि त्यांच्या सामानांतलें कांहीं ना कांहीं मागें उरतें.

अशा ठिकाणीं माळा साफ होतो तेव्हां एका अडगळींतून दोन वस्तु बाहेर पडण्याचा संभव असतो. एक हा कॅमेरा, आणि दुसरी खोक्यांत भरून ठेवलेल्या काळपट कांचा, म्हणजे त्या कॅमेऱ्यानें घेतलेल्या निगेटिव्ह. पहिलीस आतां गिऱ्हाईक मिळूं लागलें आहे. दुसरीस मिळत नाहीं. कांचेवरचा थर सोड्याच्या गरम पाण्यानें खरवडून काढला म्हणजे ती स्वच्छ होऊन तसबिरीच्या चौकटीस लावतां येते, हें ज्ञान मात्र फार जुनें आहे. कॅमेरा जमविणाऱ्याच्या छंदाची परीक्षा येथेंच होते. तो पेटी घेऊन गेला आणि कांचा तेथेंच सोडून गेला, तर त्यानें काम अर्धें केलें. आणि तेंहि सोपें अर्धें.

वास्तविक या यंत्राचें मूळच कांचेंत आहे. १८७१ सालीं इंग्लंडांत डॉ. रिचर्ड मॅडॉक्स यांनीं जिलेटिनमध्यें रुप्याचा क्षार मिसळून तो कांचेवर पसरण्याची युक्ति प्रसिद्ध केली. त्यापूर्वीं फोटो काढणाऱ्यास कांचेवर जागेवरच ओला लेप द्यावा लागे आणि तो वाळण्याच्या आंत फोटो घेऊन कांच धुवावी लागे. त्यामुळें अंधाऱ्या तंबूचें लटांबर बरोबर वागवावें लागत असे. कोरडी प्लेट कारखान्यांतून डबीबंद मिळूं लागली तेव्हां तंबू सुटला, आणि पेटीहि लहान करावी असा विचार कारागिरांच्या मनांत आला. जर्मनांकडे त्यासाठीं लागणारें साहित्य एकाच वेळीं जमून आलें होतें. येना येथील शॉट यांच्या कारखान्यांतून १८८४ पासून भिंगांसाठीं नव्या जातीची कांच निघूं लागली. त्याच गांवीं झाइस यांच्याकडे पॉल रुडॉल्फ यांनीं १९०२ सालीं चार कांचांचें टेसार भिंग रचलें. म्यूनिचच्या डेकेल यांनीं १९१२ मध्यें कॉम्पूर शटर काढलें. पूर्वीच्या शटरांत वेग मोजण्यासाठीं हवेची नळी असे. कॉम्पूरमध्यें तें काम घड्याळासारख्या दांत्यांच्या चाकांकडे सोंपविलें, आणि त्याच्या नांवांतलें शेवटचें अक्षरहि जर्मन भाषेंतील घड्याळाच्या शब्दावरून आलें.

कॅमेऱ्याची पेटी बांधण्याचें माहेरघर म्हणजे ड्रेस्डेन शहर. तेथें १९०९ सालीं कांहीं जुने कारखाने एकत्र होऊन इका ही कंपनी झाली. १९२६ मध्यें इका, एर्नेमान, बर्लिनची गोएर्झ आणि स्टुटगार्टची कोन्टेसा-नेटेल या चौघी मिळून झाइस इकॉन झाली. हीं वर्षें संग्राहकास पाठ असावीं लागतात, कारण चामड्यावर उठविलेल्या नांवावरून कॅमेऱ्याचें वय तेवढ्यानेंच पुष्कळसें कळतें. 'माक्सिमार' हा नमुना इकाच्या छापाचाहि सांपडतो व झाइस इकॉनच्या छापाचाहि. पहिला १९२६ पूर्वींचा आणि दुसरा नंतरचा, हें उघड आहे. फोइग्टलँडर यांचें घराणें मात्र या गोतावळ्यापासून वेगळें राहिलें. १७५६ सालीं व्हिएन्ना येथें निघालेली ही पेढी १८४९ मध्यें ब्राउनश्वाइग येथें आली. तिचा 'आव्हुस' हा साध्या गृहस्थाचा कॅमेरा, तर 'बर्गहाइल' हा डौलाचा; जर्मन भाषेंत गिर्यारोहक एकमेकांस भेटतांना जो शब्द उच्चारतात तोच त्याचें नांव. त्याचा हिरव्या चामड्याचा लहान नमुना पाहिला कीं मुरलेले संग्राहकहि पोरांसारखे वागूं लागतात. ड्रेस्डेनच्याच के. डब्ल्यू. कारखान्याचा 'पेटंट एटुइ' घडी केल्यावर इतका चपटा होतो कीं तो कोटाच्या खिशांत मावावा.

हा छंद आपल्याकडे नवा नाहीं. मुंबईचे दिलीश पारेख यांनीं १९७७ पासून जुने कॅमेरे जमविण्यास आरंभ केला, आणि २००३ सालीं त्यांच्या ४,४२५ कॅमेऱ्यांची नोंद गिनीजच्या विक्रमांत झाली. दिल्लीजवळ गुरुग्राम येथें २०१९ मध्यें छायाचित्रकार आदित्य आर्य यांच्या संग्रहावर उभें राहिलेलें 'म्युझिओ कॅमेरा' हें संग्रहालय उघडलें. इतके कॅमेरे बाळगण्यास घर पुरत नाहीं, हें खरें; पण एकच कॅमेरा नीट ओळखणें ही गोष्टहि कांहीं थोडकी नाहीं.

ओळखण्याची सुरुवात भिंगाच्या कड्यापासून करावी. त्यावर कर्त्याचें नांव, क्रमांक, आणि १:४,५ सारखा आंकडा कोरलेला असतो. मधला स्वल्पविराम पाहून तो खोडसाळपणा समजूं नये. जर्मन लोक दशांशचिन्ह तसेंच लिहितात. ९ × १२ सेंटिमीटरच्या कॅमेऱ्यास बहुधा साडेतेरा सेंटिमीटरचें भिंग असतें व ६।। × ९ च्या कॅमेऱ्यास साडेदहाचें. याहून फार वेगळा आंकडा दिसला तर भिंग मागाहून बदलल्याचा संशय घ्यावा. कॉम्पूर शटरवर वरच्या बाजूस वेगाची लहानशी चकती असेल तर तें जुन्या घडणीचें. वेगाचें कडें भिंगाभोंवतीं फिरत असेल तर तें १९२८ च्या सुमारानंतरचें. धातूवर डी. आर. पी. हीं अक्षरें दिसलीं म्हणजे कित्येक विक्रेते तें मॉडेलचें नांव म्हणून सांगतात. तीं केवळ जर्मन पेटंटाचीं आद्याक्षरें होत.

शिरूर-दौंडच्या मुलुखांत जर्मन वस्तु निघाली कीं तिच्याभोंवतीं एक गोष्ट सहज जमूं शकते, आणि ती गोष्ट अगदींच निराधार नाहीं. दोन्ही महायुद्धांत अहमदनगरास जर्मन लोकांना स्थानबद्ध करून ठेवण्याची छावणी होती. पुढें तिबेटांतील वास्तव्यामुळें प्रसिद्धीस आलेले गिर्यारोहक हाइन्रिश हारर यांनाहि १९३९ सालीं पकडल्यावर प्रथम तेथेंच ठेविलें होतें. देवळाली व डेहराडून या पुढच्या मजला. अहमदनगरचा लोहमार्ग दौंडवरून जातो आणि सडक शिरूरवरून. तेव्हां 'हा कॅमेरा त्या छावणींतल्या कोणा जर्मनाचा' असें कोणी सांगूं लागला तर ऐकणाऱ्यास तें खरें वाटावें यांत नवल नाहीं. अशा वेळीं पुढची फळी उघडून तीवरील अंतराची पट्टी पहावी. जर्मन माणूस आपल्या देशांत कॅमेरा विकत घेई तेव्हां त्या पट्टीवर मीटर असत. इंग्रजी मापें चालणाऱ्या मुलुखांत पाठविण्याच्या कॅमेऱ्यांवर फूट लिहिलेले असत. पट्टी फुटांची असली तर तो कॅमेरा इंग्रजी बाजारासाठीं निघाला आणि बहुधा एखाद्या दुकानांतून रोख पैसे मोजून घेतला गेला, एवढेंच मानावें. पट्टी मीटरांची असली म्हणजे गोष्ट सिद्ध झाली असें नव्हे; पण ती मोडीत तरी निघत नाहीं.

कॅमेरा विकत घेतांना नवखा मनुष्य भिंगाकडे पाहतो आणि मुरलेला मनुष्य पाठीकडे. दुधी कांच फुटलेली नाहीं ना? प्लेट बसविण्याचे पत्र्याचे होल्डर किती आहेत? हे होल्डर निरनिराळ्या कारखान्यांनीं आपापल्या खांचेप्रमाणें केलेले असत, आणि एकाचे दुसऱ्यास बसत नाहींत. फोइग्टलँडरच्या कॅमेऱ्यास झाइसचा होल्डर मिळाला तर तो पाटावाचून वरवंटा मिळाल्यासारखाच समजावा. यांशिवाय एक दुखणें बहुतेक कॅमेऱ्यांच्या नशिबीं आलेलें असतें. भिंगाची चौकट पूर्ण मागें न नेतां, किंवा वर उचललेली असतांना तशीच, कोणी तरी फळी जोरानें बंद केलेली असते. मग टेकू वांकतात आणि भात्याच्या कोपऱ्यांना भोंकें पडतात. अंधाऱ्या खोलींत भात्याच्या आंत लहान दिवा धरून बाहेरून पाहिलें म्हणजे हीं भोंकें चांदण्यांसारखीं दिसतात. शटर अडत असेल तर त्यांत तेल सोडूं नये. जुनें तेल घट्ट झाल्यामुळेंच तें अडलेलें असतें. नव्या तेलानें चार दिवस चालेल आणि पांचव्या दिवशीं पात्यांना तेल लागून कायमचें बसेल.

हवामानाच्या बाबतींत या दोन तालुक्यांनीं संग्राहकावर उपकारच केले आहेत. मुंबईच्या किंवा कोंकणच्या दमट हवेंत भिंगावर बुरशीचें जाळें पसरतें आणि तिचे ओरखडे कांचेंत कायमचे राहतात. शिरूर व दौंड हा पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख. येथें बुरशीचें भय कमी. पण उन्हाळा त्याचा सूड उगवतो. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर वैशाखांत चामडें वाळून तडकतें, भिंगाच्या दोन कांचा जोडणारा डिंक पिवळा पडून सुटूं लागतो, आणि धूळ तर सर्वत्र. कॅमेरा घरांतल्या आंतल्या खोलींत, कपाटाच्या मधल्या फळीवर, सुती कापडांत गुंडाळून ठेवावा. चामडी पाकिटांत कोंडून ठेवूं नये. वर्षांतून चारपांच वेळां उघडून, शटर रिकामें चालवून पुन्हां मिटावा.

आतां कांचांविषयीं. लाइट्झ यांचा लायका कॅमेरा १९२५ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत आला आणि चित्रपटाच्या फिल्मवर फोटो घेण्याची चाल पडली. तरीहि तालुक्याच्या गांवांतील फोटोवाल्यानें प्लेट लगेच सोडावी असें कारण नव्हतें. त्याला अडाणी ठरविणें सोपें आहे. पण लायकाची निगेटिव्ह साडेआठ चौरस सेंटिमीटरांहून थोडी अधिक, आणि ९ × १२ ची कांच १०८ चौरस सेंटिमीटरांची, म्हणजे साडेबारा पट मोठी. लहान निगेटिव्ह मोठी करून छापण्यास एन्लार्जर व त्यास वीज पाहिजे; कांच मात्र कागदावर तशीच टेंकवून, चौकटींत दाबून, उन्हांत धरली तरी फोटो छापून निघतो. शिवाय कांचेच्या थरावर बारीक पेन्सिलीनें काम करतां येतें. नवरीच्या गालावरचा देवीचा वण किंवा सावकाराच्या कपाळावरची आंठी फोटोवाला तेथेंच नाहींशी करी. अशा जुन्या कांचा हातीं आल्या तर त्यांवर शिशाच्या बारीक रेघा किंवा कडेनें तांबडा रंग दिसतो. मळ समजून तो पुसूं नये. ती त्या कारागिराची सही आहे.

या कांचांवर काय असतें? लग्नें, मुंजी, पंगती, शाळेचे वर्ग, बदली झालेल्या अंमलदाराचा निरोपसमारंभ, बैलजोडी शेजारीं घेऊन उभा राहिलेला शेतकरी. ज्याच्या त्याच्या घरापुरतें त्याचें महत्त्व, असें वाटतें. परंतु शिरूरच्या याच सडकेवर कोरेगांव भीमा आहे. तेथील स्तंभास १९२७ सालच्या १ जानेवारीस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं भेट दिली, आणि त्या प्रसंगीं अनुयायांसह घेतलेलें त्यांचें छायाचित्र आजहि छापलें जातें, पाहिलें जातें. त्या दिवशीं तेथें कोण उभे होते, कसे उभे होते, अंगावर काय होतें, हें शंभर पानांच्या वर्णनानें कळलें नसतें. माळ्यावरच्या खोक्यांतली कोणती कांच अशी आहे हें, ती धुवून टाकणाऱ्यास कसें कळावें?

९ × १२ ची एक कांच सुमारें ३५ ग्रॅम भरते. शंभर कांचांचें खोकें साडेतीन किलोचें. तें उचलून आणणें कांहीं अवघड नाहीं. कांचा एकावर एक रचूं नयेत, खालच्या फुटतात. लांब कडेवर उभ्या ठेवाव्या आणि प्रत्येकीस साधा, आम्ल नसलेला कागद गुंडाळावा. धरतांना कडांनाच धरावें. जिची चमक मंद ती बाजू थराची. तिला बोट, पाणी किंवा चिकटपट्टी लावूं नये. खोक्यावर, कागदावर किंवा कांचेच्या कडेस जें कांहीं नांव, गांव, तारीख लिहिलेली असेल ती प्रथम वहींत उतरून घ्यावी, कारण खोकें बदललें कीं ती माहिती जाते. मग मागून दिवा असलेल्या स्कॅनरवर किंवा उजेडाच्या पेटीवर ठेवून त्यांची प्रत काढावी. गांवांतल्या ऐंशी-नव्वदीच्या वृद्धांस ती दाखविल्यास चेहऱ्यांना नांवें मिळतात. हें काम उद्यांवर टाकण्यासारखें नाहीं. कांच आणखी पन्नास वर्षें टिकेल, नांवें सांगणारे टिकणार नाहींत.

कॅमेरा केवळ मांडून ठेवण्याचीहि गरज नाहीं. युरोपांत ९ × १२ मापाची कापीव फिल्म अजून तयार होते. पत्र्याच्या पातळ चौकटींत घालून ती प्लेटच्या होल्डरमध्यें बसते. खर्च परवडत नसेल त्यानें क्ष-किरणांची हिरव्या उजेडास जागणारी फिल्म कापून वापरावी. तिला दोन्ही बाजूंस थर असल्यामुळें धुतांना ओरखडे फार लवकर पडतात, पण तांबड्या मंद दिव्यांत काम करतां येत असल्यानें नवशिक्यास ती बरी. तिपाईवर कॅमेरा ठेवून, डोक्यावरून काळें फडकें घेऊन, दुधी कांचेवर रांजणगांवच्या देवळाचा कळस उलटा लोंबकळतांना ज्यानें पाहिला त्याला या यंत्राची खुबी सांगावी लागत नाहीं. कळस चौकटींत येत नसला तरी कॅमेरा वर कलवावा लागत नाहीं. भिंगाची चौकटच मळसूत्रानें थोडी वर सरकवावी, म्हणजे भिंती सरळ राहून कळस आंत येतो. हल्लींच्या फोनमध्यें हें काम गणितानें करतात.

शेवटीं एक सावधगिरी, आणि ती सौदा ठरण्यापूर्वींच पाळावयाची. कॅमेऱ्याबरोबर होल्डर मिळाले म्हणजे आंत काय आहे हें पाहण्यासाठीं त्यांची सरकती पट्टी दुकानांतच ओढण्याचा मोह होतो. ती ओढूं नये. होल्डर हलकेंच हलवून, वजन करून पहावा. रिकाम्या होल्डरपेक्षां तो जड लागला तर आंत कांच आहे, आणि ती फोटो घेऊन न धुतलेली असूं शकते. प्रकाशाचा उमटलेला पण न दिसणारा ठसा अंधारांत फार वर्षें तग धरतो. स्वीडनचे आंद्रे व त्यांचे दोन सोबती १८९७ सालीं बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे गेले आणि परतले नाहींत. १९३० मध्यें एका हिमबेटावर त्यांचा तळ सांपडला. तेथील फिल्म स्टॉकहोम येथें धुतल्या तेव्हां २४० पैकीं ९३ चित्रें तेहतीस वर्षांनंतरहि निघालीं. तेव्हां तो होल्डर तसाच काळ्या कापडांत गुंडाळून घरीं आणावा, पूर्ण अंधाऱ्या खोलींत उघडावा, आणि आंतील कांच थंड डेव्हलपरमध्यें, घाई न करतां, थर वर ठेवून सोडावी.